घरच्या कपड्यांना खूण नसते

४ नोव्हेंबर

बाईसाहेब,

दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या मनात आधी तेच येईल, म्हणून पहिल्या ओळीतच सांगते. सहज लिहायला बसले आहे. तू नंबर बदललास, नवा कळवला नाहीस. पत्ताही काही तू दिलेला नाहीस. साहेबाच्या वाढदिवसाला शर्ट पाठवलास, त्या पार्सलवरचा कापून ठेवला होता. अक्षर तुझं नव्हतं. तिकडे परदेशात पत्ते लिहायलासुद्धा माणसं ठेवली असतील तुम्ही!

इकडे सगळं ठीक. लाँड्री चालू आहे. घडीचं मशीन आलं त्याला आता वर्ष होईल. ओली चादर एका तोंडाने आत जाते, दुसऱ्या तोंडाने इस्त्री होऊन, घडी पडून बाहेर येते. इस्त्रीवाले मामा त्याला जावईबापू म्हणतात, कारण सगळे त्याच्या पुढेपुढे करतात आणि तरी ते कधी रुसेल याचा नेम नाही.

आपले बंधुराज साहेब मजेत. गळ्यापर्यंत बटण लावल्याशिवाय अजून घराबाहेर पडत नाही, त्यामुळे साहेब हे नाव काही सुटत नाही. केस पांढरे व्हायला लागलेत, पण अक्कल आहे तिथेच, सहा वर्षांची. मशीनपाशी त्याला येऊ देत नाही, हात अडकला म्हणजे संपलंच. खिडकीजवळ खुर्ची दिली आहे, समोर टीव्ही लावून ठेवते. राजासारखा बसून असतो.

मागे एक गंमतच झाली. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर गेला आणि तिथल्या बाईंची चादर दोरीवरून काढून तिची दोन टोकं हातात धरून उभा राहिला. समोरून कुणीतरी येईल आणि घडी घालू लागेल म्हणून. बाईंनी चोर चोर म्हणून इमारत डोक्यावर घेतली. एकाने दोन कानाखाली मारल्यासुद्धा. मी जाऊन माफी मागितली आणि त्याला घेऊन आले. तेवढ्यातही टोकं सोडली नव्हती पठ्ठ्याने.

सहज एक-दोन गोष्टी विचारायच्या होत्या. तू गेलीस त्या दिवशीची बस कोणती होती? फिरायला तू त्याला न्यायचीस, तेव्हा हरवलास तर काय कर असं त्याला काही शिकवलं होतंस का? तहान लागली तर तो परक्या माणसाकडे पाणी मागतो का, की कुणी दिल्याशिवाय पीत नाही? तुमच्या दोघांचं काहीबाही ठरलेलं असायचं, मला कुठे काय सांगायचात. उगाच आठवलं म्हणून विचारते.

उत्तर लवकर दे. घाई अशी काही नाही.

तुझी,
ताई

१३ नोव्हेंबर

छोटे,

मागच्या पत्रात मी धडधडीत खोटं लिहिलं. साहेब घरात नाही. तीस ऑक्टोबरला गेला तो गेलाच.

त्या सकाळी मशीन अडकलं होतं. सगळे त्याच्याभोवती जमलो, कुणी पाना आण, कुणी तेल आण. तासाभराने बघते तर खुर्ची रिकामी आणि टीव्ही चालू. तू पाठवलेला निळा शर्ट घालून गेला आहे. भांग पाडून गेला आहे. घरातली ती जुनी पांढरी चादर, जिच्यावर बाबांनी तुम्हा दोघांना घडी शिकवली, ती कपाटातून काढून काखेत मारून नेली आहे. म्हणजे वाट चुकला नाही, तयारी करून निघाला.

तुला खरं का लिहिलं नाही? लाज वाटली. तू म्हणाली असतीस, 'त्याला दिवसा तरी त्याच्यासारख्यांच्या शाळेत पाठव, चार माणसांत बसेल, काम करेल, असं सांगितलं होतं की नाही?' सांगितलं होतंस. मी म्हटलं होतं, 'आधी स्वतः घरात टिकून दाखव, मग शहाणपणा शिकव.' तेही तुझ्या लक्षात असेलच.

चौकीवर गेले. हवालदाराने विचारलं, "वय?"

"चाळीस."

"चाळिशीचा माणूस हरवत नाही, बाई. गेला असेल कुठे. येईल आपोआप."

"तो मोठा नाहीये हो."

"चाळीस म्हणजे मोठाच. नाव सांगता येतं का त्याला?"

"विचारलं की साहेब म्हणतो."

तो हसला. "मग कुठल्या खात्यात शोधू? लई साहेब आहेत आमच्याकडे."

मलाही हसू आलं असतं एरवी. फोटो दिला, शर्टाचा रंग सांगितला आणि घरी येऊन भांडी आपटली. पुलाखाली पाहून आले. धरणाच्या पाळीवर पाहून आले. रेल्वेच्या फाटकापाशी एक माणूस सापडला म्हणून निरोप आला, तशीच धावत गेले. तो नव्हता. दुसऱ्या कुणाचा तरी माणूस होता, आणि मी देवाचे आभार मानले, बघ कशी झाले आहे मी.

लोक काय काय सांगतात. कुणी म्हणतं असल्यांना उचलून भीक मागायला बसवतात. कुणी म्हणतं वीटभट्टीवर नेतात, पळून जायची अक्कल नसते म्हणून बरे पडतात. कुणी काही न म्हणता नुसती माझ्या खांद्यावर थाप मारतं, त्याचा राग जास्त येतो.

तुझ्यावरही राग आहे, सांगून टाकते. चादर घडी घालायला दोन माणसं लागतात. तू समोर असायचीस तोवर तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभा असायचा. समोरचा जवळ येऊन टोकाला टोक लागेपर्यंत सोडायचं नाही, हा बाबांचा नियम. तू मुद्दाम सोडून पळायचीस आणि हसायचीस. त्याने कधी सोडलं नाही. तू गेलीस आणि त्याच्यासमोर कुणी उरलं नाही. मामांचे खांदे दुखतात, मला दहा कामं. म्हणून मशीन आणलं. मशीन आलं म्हणून खुर्ची आली. आता म्हण काय म्हणायचं ते.

पण आधी हे कळव, तो कुठे जाईल? तुला माहीत असणार. मला त्याचं जेवण माहीत आहे, औषधं माहीत आहेत, चपलेचा नंबर माहीत आहे. तो कुठे जाईल ते तुलाच ठाऊक असेल.

ताई

२४ नोव्हेंबर

छोटे,

तू कुठल्या तरी भलत्याच नंबरवरून फोन करतेस, मी उचलत नाही. रागावू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी आहे तिथे बसून राहीन आणि मला आत्ता बसून चालणार नाही. लिहिताना मला धीर राहतो.

फोनवर आलेला तुझा निरोप वाचला. 'ताई, मी गेले त्या बसने जा. डाव्या बाजूला खिडकीत बस. दोऱ्या बघत जा.' एवढंच. आणि खाली बसचं नाव. काल सकाळी तीच बस पकडली.

डाव्या बाजूला खिडकीत बसल्यावर मला कळलं ग. चाळीस वर्षं त्याला सांभाळलं आणि हे काल कळलं. बस गाव सोडते आणि मग घरामागून घरं लागतात, सगळ्यांची मागची बाजू रस्त्याकडे, आणि प्रत्येकाच्या दोरीवर काहीतरी वाळत असतं. त्याला जग असंच दिसत असणार. कुठे कुठे काम पडलंय ते. तो पळून गेलाच नव्हता. घरात काम उरलं नाही म्हणून कामावर निघाला होता, आणि काम म्हणजे तू. तू ह्या बसने गेलीस हे त्याने पाहिलं होतं.

दुपारी हमरस्त्याला एक लॉज लागलं. गच्चीवर पांढऱ्या चादरींच्या ओळीच्या ओळी. मी ओरडून बस थांबवली. कंडक्टरने शिव्या दिल्या, दिल्या तर दिल्या.

मॅनेजर म्हणाला, असा कुणी माणूस इथे नाही. त्याच्या मागे कपाट उघडं होतं. चादरींच्या चवडी होत्या. प्रत्येक घडीचं शेवटचं टोक आत दुमडलेलं, कानासारखं. तो कान दुसरं कोण घालतं, सांग? बाबा वैतागायचे, गिऱ्हाईक म्हणायचं हे काय लाडाचं, आणि साहेब ऐकायचा नाही. मी ती चवड हातात घेतली आणि मॅनेजरला म्हटलं, "ह्या घड्या माझ्या भावाने घातल्यात. कुठे आहे तो?"

मग त्याचा आवाज चढला. "आम्ही काय पळवून आणला का? स्वतः आला. गच्चीवर चादरी ओढत होता. पोरांनी चोर समजून चोप दिला, मी सोडवला. जेवायला घातलं, झोपायला जागा दिली. वर आम्हालाच बोलता?"

जागा म्हणजे जिन्याखाली. मी पाहिली. पोतं होतं एक.

तिथे खोल्या आवरणारी एक बाई आहे. मॅनेजर आत गेल्यावर तिने मला पाण्याच्या टाकीमागे नेलं. घडी घालताना समोरचं टोक तीच धरायची. म्हणाली, मारात त्याचा पुढचा दात पडला होता. उजेड असेपर्यंत घड्या घालायच्या आणि अंधार पडला की इस्त्री, असं चाललं होतं. हाताला चटका बसला तर नुसता फुंकर घालायचा. पाणी तीच आणून द्यायची, मागायचा नाही. गेल्या आठवड्यात खोकला धरला, ताप चढला, उभं राहवेना. गिऱ्हाइकांना खोकणारा माणूस नको म्हणून मॅनेजरने त्याला पुढच्या बसमध्ये बसवून दिलं. आपल्या गावाच्या बसमध्ये नव्हे ग. पुढच्या. आपलं गाव कुठलं ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मी तिला म्हटलं, "तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर मला काढलं असतं, ताई. मलाही कुणी नाही."

मग म्हणाली, "खोटं कशाला बोलू. तो खूश होता हो इथे. सकाळी माझ्याआधी उठून टोक धरून उभा असायचा. म्हणायचा, छोटी येतेय, तोवर तू धर."

मला तिचा गळा धरावासा वाटला आणि मग तिच्याच गळ्यात पडून रडले. तिचं नाव विचारायचं राहिलं.

पुढची बस सुटायला वेळ आहे, म्हणून थांब्यावर बसून हे लिहिते आहे. तो चार-पाच दिवसांपूर्वी इथूनच गेला. म्हणजे मी जवळ आले आहे. तोंड धुऊन ठेव, साहेबाशी बोलायला फोन करीन.

ताई

२५ नोव्हेंबर

शेवटचा थांबा. मोठं स्टँड आहे. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला तो आठवतो.

कंडक्टरने त्याला उतरवलं आणि सांगितलं, "इथेच उभा राहा, न्यायला येतील तुला." चांगल्या मनानेच सांगितलं असेल. आणि आपला साहेब उभा राहिला. सात नंबरच्या खांबापाशी. दिवसभर, रात्रभर, मग पुन्हा दिवसभर. लोकांनी पाव दिला, चहा दिला. एकाने बाकावर बसायला सांगितलं तर नाही म्हणाला. इथे वारा कसा सुटतो तुला सांगते, मी शाल घेऊन उभी आहे तरी दात वाजतायत.

मला तू स्टँडवर त्याला सोडून गेलीस तो दिवस आठवला. तो तुझी बॅग सोडेना तेव्हा तू म्हणालीस, 'इथेच उभा राहा, आलेच मी.' मी संध्याकाळी जाऊन ओढून आणला होता त्याला. तुला टोचायला लिहीत नाही. त्याला बसवायची, गप्प करायची, सोडून जायची वेळ आली की आपण सगळ्यांनी त्याला हेच सांगितलं आहे.

तिसऱ्या दिवशी खाली कोसळला, ॲम्ब्युलन्स आली. सरकारी दवाखान्यात आहे म्हणतात. ॲम्ब्युलन्सने नेलं म्हणजे उपचार झाले असणार. निघाले.

२७ नोव्हेंबर

छोटे,

साहेब गेला.

मी पोचायच्या आदल्या दिवशी. न्यूमोनिया. वॉर्डातल्या नर्सने सांगितलं की त्रास दिला नाही, सुई टोचली तरी हात ओढला नाही. नाव विचारलं तर साहेब म्हणाला, मग सगळे त्याला साहेबच म्हणत होते. म्हणजे शेवटी लोकांनी त्याला त्याच्याच नावाने हाक मारली, एवढं तरी झालं.

माझ्या पहिल्या पत्रात खरं असतं तर तुझा निरोप मला आठ-नऊ दिवस आधी मिळाला असता. तेव्हा तो लॉजच्या गच्चीवर चादरी घडी घालत होता. हे मी एकदाच लिहिते आहे. तू मला हे कधी बोलून दाखवू नकोस, मी दिवसातून शंभरदा बोलते.

शवागारात एक मदतनीस होता. त्याला म्हटलं, तुम्ही कळवलं का नाही कुठे? तो बिचारा म्हणाला, "बाई, आम्ही बेवारस आला की पहिली कॉलर उलटून बघतो. धोब्याची खूण सापडली की गाव सापडतं, गाव सापडलं की घर. खूप जणांची घरं शोधून दिलीत अशी मी. पण ह्यांच्या शर्टाला काहीच नव्हतं. इतका स्वच्छ शर्ट, इतकी छान इस्त्रीची सवय दिसते कॉलरला, आणि खूण नाही. म्हटलं, हा माणूस कधी धोब्याकडे गेलाच नसेल."

मी कॉलर पुन्हा उलटून पाहिली.

अख्ख्या गावाच्या कॉलरींना आपल्या हातचे लाल दोऱ्याचे टाके आहेत. डॉक्टरचे तीन उभे, वकिलाची फुली, शाळेतल्या बाईंचा त्रिकोण. गावातला कुठलाही माणूस कुठेही पडला असता तरी माझ्या दारात निरोप आला असता. आणि घरच्या कपड्यांना खूण घालायची नाही. बाबा म्हणायचे, 'खूण गिऱ्हाइकाला. आपलं माणूस आपल्यापासून कशाला हरवेल?'

चादर त्याच्याजवळच होती. काखेत, घडी घातलेली, कान दुमडलेला. खांबापाशी त्या वाऱ्यात तो उभा राहिला आणि चादर अंगावर घेतली नाही. घातलेली घडी मोडायची नाही, तोही बाबांचाच नियम. सगळे नियम पाळले ग त्याने. एकही मोडला नाही.

ती घडी मी मोडली. त्याच्या अंगावर घातली. दुसरं टोक शवागारातल्या माणसाने धरलं.

तुझे फोन येत होते. उचलायचं धाडस झालं नाही. आता उचलीन.

ताई

१९ डिसेंबर

छोटे,

तू फोनवर बोललीस ते सगळं त्या वेळी माझ्या डोक्यात शिरलं नाही. आपण दोघी रडतच होतो. मग मध्येच तू आवाज दाबून म्हणालीस, 'आजोबा उठले, ठेवते,' आणि ठेवलास. नंतर तो नंबर लागलाच नाही.

मग मी एकेक गोष्ट जुळवत बसले. भलत्याच नंबरवरून, भलत्याच वेळी फोन. तू ज्याची देखभाल करतेस त्या म्हाताऱ्याचा फोन होता ना तो? तो झोपला की तू घ्यायचीस. नंबर तू बदलला नव्हतास, फोन काढून घेतला होता तुझा. पार्सलवरचं अक्षर तुझं नव्हतं. साहेब गेला म्हटल्यावर तू म्हणालीस, 'ताई, मला येता येणार नाही, पासपोर्ट बाईंच्या कपाटात आहे.' मी दुःखात ऐकलं आणि मनात म्हटलं, हिला कारणं सुचतात. किती नाकाने कांदे सोलते मी! तिकडे तुला नोकरी आहे, रुबाब आहे, म्हणून विसरलीस असं धरून मी दोन वर्षं तुझ्यावर दात-ओठ खात बसले. तू घराबाहेर एकटी पडू शकत नाहीस, हे मला एका मेलेल्या भावाच्या निमित्ताने कळावं.

तुलाही कुणी जिन्याखाली झोपवतं का? हे मला कळवू शकलीस तर कळव.

मी चौकीवर गेले होते. तोच हवालदार. म्हणाला, "मोठी बाई आहे, कामाला गेली आहे, पत्ता तुमच्याकडे आहे, मग हरवली कशी?" मी म्हटलं, "मागच्या वेळी येईल आपोआप म्हणालात, आणि मी घरी जाऊन भांडी आपटली. ह्या वेळी घरी जाणार नाही." आणि त्याच्यासमोरच्या बाकावर बसले. रोज जाऊन बसते. मामा लाँड्री बघतात. चौथ्या दिवशी त्याने वैतागून मोठ्या साहेबांकडे नेलं. खऱ्या साहेबांकडे. त्यांनी वकिलातीला लिहिलं आहे, आणि परदेशी अडकलेल्या कामगारांचं काम बघणाऱ्या एक वकीलबाई आहेत, त्या तुझ्या पत्त्यावर माणूस पाठवणार आहेत. दारावर कुणी परका आला आणि त्याने 'चादरीचं टोक कुणी सोडलं?' असं विचारलं, तर घाबरू नकोस. तो माझा. तू काय उत्तर द्यायचं ते तुला माहीत आहे. सोडून पळणारी तूच होतीस.

पत्र तुझ्या बाई फोडत असतील. फोडू देत. आपली भाषा त्यांना येत नाही हे बरं, नाहीतर त्यांच्याबद्दल मी जे मनात म्हणते ते इथेच लिहिलं असतं.

पाकिटात एक रुमाल आहे. साधा, पांढरा, त्याला बघून कुणाला काही कळणार नाही. कोपरा उलटून बघ. लाल दोऱ्याचे दोन आडवे टाके आहेत, एकमेकांकडे सरकलेले. आपल्या घराची खूण. आजवर नव्हती, नवी करावी लागली. चादरीची दोन टोकं काढायची होती, जरा वाकडी आली आहे. साहेबाच्या निळ्या शर्टाला पहिली घातली. तो शर्ट धुऊन, इस्त्री करून, गळ्यापर्यंत बटण लावून त्याला घातला, तेव्हा कॉलरच्या आत ती होती. उशिरा घातली, पण बिनखुणेचा जाऊ दिला नाही. दुसरी माझ्या ब्लाउजच्या गळ्याला घातली. तिसरी ही. रुमालाचा तेवढा कोपरा कापून तुझ्या अंगावरच्या कपड्याला आतून शिवून टाक, जो रोज घालतेस त्याला. रोज.

आणि एक. इथेच उभी राहा, न्यायला येतील, असं मी तुला सांगणार नाही. ते आपल्या घरात पुन्हा कुणी कुणाला सांगायचं नाही. चादर घडी घालताना एकाने उभं राहून चालत नाही, आठवतं ना, दोघांनी चालत यावं लागतं. वकीलबाईंचा माणूस आला तर त्याच्याबरोबर निघ. तो आला नाही आणि दार उघडं सापडलं तर तशीच निघ, उजेडात, माणसांच्या रस्त्याने, आणि पहिल्या बाईला हा रुमाल दाखवून माझा पत्ता सांग. पत्ता तोच आहे, तू लहानपणी पाठ केलेला. एकदा म्हणून बघ, आता, वाचता वाचता.

माझा पासपोर्ट आला आहे. तिकिटाचं मामांच्या ओळखीने बघते आहे. तू तुझ्या टोकाने चालायला लाग. मी माझ्या टोकाने निघाले.

तुझी,
ताई